गिरणीतील श्रम आणि विसावा

काम केले म्हणजे माणूस थकतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु थकवा येणे ही एक गोष्ट आणि आलेला थकवा दुसऱ्याने मान्य करणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीला इतिहास नाही. दुसरीला आहे, आणि त्याचा एक मोठा भाग आपल्या मुंबई शहरातच घडलेला आहे. आज मी तोच सांगणार आहे.

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून या विषयाची चर्चा पुष्कळ ऐकू येते. घरातला मुलगा किंवा सून संगणकाच्या कचेरीत कामाला असते. रात्री उशिरापर्यंत दूरध्वनी थांबत नाही, रविवारीही मन कामातून सुटत नाही, आणि तिशी-पस्तिशीच्या वयात ‘आता कशातच लक्ष लागत नाही, अंगात त्राण राहिले नाही’ अशी भाषा कानांवर येते. या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव १९७४ साली अमेरिकेतील हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या लेखाने रूढ केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगसूचीत तिची नोंद केली. मात्र रोग म्हणून नव्हे, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आवरला गेल्यामुळे उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अशी अवस्था म्हणून. नाव नवे आहे. ते मिळण्यापूर्वी शंभर वर्षे लालबाग-परळच्या चाळींतून हजारो माणसे त्याच वाटेने जात होती. फरक इतकाच की, त्यांच्या थकव्याला तेव्हा दुसरे नाव होते. त्याला ‘आळस’ म्हणत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची तारदेव येथील गिरणी १८५६ साली सुरू झाली. मुंबईतील सुताची ही पहिली गिरणी. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत धुराड्यांचे जणू रानच उभे राहिले. कामाला माणसे आली ती बहुतकरून रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या बाजूंची; म्हणजे शेतकरी. शेतीचे काम हलके असते असे मी म्हणणार नाही. ज्याने भातलावणी पाहिली आहे तो तसे म्हणणारच नाही. परंतु शेतकरी औत थांबवून बांधावर चार घटका बसू शकतो. बैल दमला की त्याच्याबरोबर धनीही विसावतो. गिरणीत ज्याच्याबरोबर काम करावयाचे तो साचा कधी दमत नाही. त्याच्या वेगाशी माणसाने आपला वेग जुळवावयाचा, सूत तुटले की धावावयाचे, आणि हे सर्व कोंदट उष्ण हवेत, कापसाचे तंतू नाकातोंडात जात असता, साच्यांच्या अखंड खडखडाटात उभ्याने करावयाचे. शेतकऱ्याचे मजुरात रूपांतर झाले ते पोशाखाने किंवा पगाराने नव्हे, या एका गोष्टीने.

कामाचे तास किती? पहिल्या काळात त्याचा नियम आकाशात लिहिलेला होता. सूर्य उगवला की यंत्र सुरू, मावळला की बंद. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांपर्यंत जातो व डिसेंबरात अकरा तासांवर येतो. वर्षाचा मध्यम बारा तासांच्या किंचित वर. तेवढे तास यंत्र चाले. दुपारच्या भाकरीची सुटी मालकाच्या मर्जीवर. सणावारी गिरणी बंद राही, पण रविवार हा ठरलेला सुटीचा दिवस नव्हता. आणि यंत्र बंद असले म्हणजे मजूर मोकळा झाला असेही नव्हे, कारण साफसफाई करण्यास त्याला अर्धा दिवस यावेच लागे. घरात घड्याळ नाही, म्हणून गिरणीचा भोंगा हेच वस्तीचे घड्याळ. पहाटेच्या त्या आवाजावर साऱ्या वाडीची चूल पेटे.

बरे, फारच अंग मोडून आले म्हणून एखादे दिवशी घरी राहावे, तर त्याची किंमत काय पडे? गिरण्यांत ‘डबल खाडा’ म्हणून एक रीत होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापावयाची. म्हणजे एका दिवसाच्या विसाव्यासाठी पुढे आणखी एक दिवस फुकट राबणे आले. कंटाळून नोकरी सोडावी म्हटले तर पगार महिना-महिना तुंबलेला. सोडून गेल्यास तो बुडण्याची भीती. आजारी पडून गावी गेला तर जागेवर बदली चढलेला असे, आणि परत जागा मिळविण्यास जॉबरच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागे. या व्यवस्थेत थकणे ही चैन होती, आणि ती गरिबाला परवडणारी नव्हती.

मुंबईत असे होते, तर मुंबईबाहेर याहून भयंकर होते. १८८४-८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना कमिशनपुढे खानदेशातील सरकी काढण्याच्या जिनांची हकीकत आली आहे. फाल्गुन-चैत्राच्या हंगामात तीच माणसे, आणि त्यांत बायकाच फार, रात्रंदिवस कामाला लावली जात. ओळीने आठ दिवस, रोज तेवीस तास असे काम चाले, आणि आठ दिवसांपलीकडे माणूस टिकत नाही म्हणून मग नवी माणसे आणावी लागत. ही साक्ष कोणा सुधारकाची नव्हे. अशा कारखान्याचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थाचीच आहे. किती दिवसांत माणूस निकामी होतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. एखादे जोते किती दिवस चालेल हे जसे ठाऊक असावे तसे.

मग सरकार काय करीत होते? पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे तास नऊवर आणले, त्यांना महिन्यातून चार सुट्या दिल्या, आणि हे सर्व शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरते. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी त्यात एक अक्षर नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ सालीच तासांवर मर्यादा घालणारा मसुदा तयार केला होता, परंतु तो मुंबई सरकारने पुढे येऊ दिला नाही.

येथे एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. या कायद्यांमागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हे खरे. मुंबईचे सूत व कापड त्यांच्या पोटावर येत होते, म्हणून मुंबईच्या मजुरांविषयी त्यांना एकाएकी कळवळा आला. १८८२ साली विलायती कापडावरील आयात जकात उठविण्यात आली, आणि १८९६ साली तर देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविण्यात आला. हा काही मजुरांच्या कल्याणासाठी नव्हे. तेव्हा आपल्याकडील राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी, ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीही, कारखाना कायद्यांस विरोध केला याचे कारण समजते. समजते, पण समाधान होत नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. ज्या वर्गात आपण मोडतो, त्या लेखणी चालविणाऱ्या वर्गाला त्या काळी परक्याचा डाव स्पष्ट दिसला. शेजारच्या वस्तीतला दमलेला माणूस मात्र दिसला नाही.

तो ज्याला दिसला, तो मनुष्य त्या वस्तीच्या जवळचाच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. शिक्षण बेताचे. रेल्वेत व टपालखात्यात नोकरी करून पुढे ते मांडवीच्या एका गिरणीत भांडारावर कामाला लागले, म्हणजे हजेरी, खाडे आणि पगार यांचा व्यवहार त्यांनी आतून पाहिला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० साली लोखंड्यांनी मुंबईस आणून चालविण्यास घेतले.

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी परळ भागात मजुरांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज कमिशनकडे गेला. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनाला भिडतो. दर रविवारी पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामात इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. ध्यानात घ्या की, दिवसाचे तास आठ करा असे त्यांत म्हटलेले नाही. सूर्यास्तापर्यंत राबण्यास ही माणसे तयारच होती. त्यांचे मागणे एवढेच की, सात दिवसांपैकी एक दिवस आणि त्या दिवसांतला अर्धा तास आमचा असावा.

हा दिवस रविवारच का? इंग्रजांचा तो प्रार्थनेचा वार, आणि तो हिंदु-मुसलमान मजुरांना काय कामाचा, असा आक्षेप घेण्यासारखा होता. पण रविवार हा खंडोबाचा वार, आणि सातारा-पुण्याकडील मजुराच्या घरात जेजुरीचा देव्हारा असावयाचाच. जो वार साहेबाला चालत होता तो मल्हारीलाही चालण्यासारखा होता. मला वाटते, चळवळीला यश येण्यास अशा लहानसहान सोयीही हातभार लावतात.

त्या अर्जाने लगेच काही झाले नाही. १८९० च्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. त्या सभेत दोन मजूर स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, जेव्हा आपल्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत, तेव्हा या बाया दहा हजारांसमोर उभ्या राहून आपल्याला विसावा का पाहिजे ते सांगत होत्या. त्यांची नावे सर्वतोमुखी व्हावयास हवी होती, तशी ती झाली नाहीत. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी देण्याचे मान्य केले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व अर्ध्या तासाची मधली सुटी सर्वांना मिळाली; बायकांचे तास अकरा व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात ठरले. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मात्र या कायद्यानेही कुंपण घातले नाही. तो ‘स्वतंत्र’ होता. त्याने मालकाशी वाटेल तो करार करावा, सरकारने मध्ये पडू नये, असे त्या काळचे अर्थशास्त्र होते. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगला बळी पडले.

या ‘स्वातंत्र्या’चा अर्थ लवकरच उघड झाला. आतापर्यंत सूर्य हाच एक मुकादम होता आणि तो निदान संध्याकाळी घरी जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ साली धंद्याला तेजी होती, आणि दिवस मावळल्यावरही साचे फिरू लागले. काम साडेचौदा-पंधरा तासांवर गेले. पहाटे पाचाला आत गेलेला माणूस रात्री आठाला बाहेर पडू लागला. जाण्यायेण्याचा वेळ व स्वयंपाक-जेवण त्यात मिळविले, तर झोपेला काय उरत असेल याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घड्याळावर करून पाहावा. मजुरांनी दिव्याखाली काम करण्यास नकार दिला, काही ठिकाणी दंगे झाले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’नेदेखील या प्रकारावर कडक लेख लिहिले.

हेच वर्ष आपल्याकडे दुसऱ्या कारणासाठी स्मरणात आहे. १९०५ सालीच स्वदेशीची चळवळ उठली. पुण्यास विदेशी कापडाची होळी झाली. ती चळवळ थोर होती याविषयी मला शंका नाही. परंतु विलायती टाकून जे देशी धोतर आपल्या आजोबा-पणजोबांनी अभिमानाने नेसले, त्यातले पुष्कळसे पंधरा तास उभ्या असलेल्या माणसाच्या हातून निघाले होते, हेही त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे. आणि तीच माणसे १९०८ च्या जुलै महिन्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस काम टाकून रस्त्यावर आली. हा हिशेब कोणाच्या बाजूने झुकतो ते सांगण्याचे कारण नाही.

ओरड झाली तेव्हा प्रथम एक समिती बसली आणि १९०७ साली मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली ‘फॅक्टरी लेबर कमिशन’ बसले. त्याचा अहवाल १९०८ सालचा. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत उद्बोधक वाद या अहवालात सापडतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

मालकांचे म्हणणे असे की, गिरणी चौदा तास चालते हे खरे, पण मजूर चौदा तास काम करतो हे खोटे. तो रेंगाळतो. विडी ओढण्यास आवारात जातो, पाणी पिण्यास जातो, आंघोळ करतो, भाकरी खातो, सोबत्याशी गप्पा मारीत बसतो. अशा रेंगाळणाऱ्यांची जागा भरून काढण्यासाठी आम्हांस जास्तीची माणसे ठेवावी लागतात. या देशातील मजुराचा स्वभावच असा की, त्याला नेटाने थोडा वेळ काम करण्यापेक्षा सावकाश पुष्कळ वेळ काम करणे आवडते. मग तास कमी करून काय साधणार? कमिशनच्या बहुमताला हे बरेचसे पटले. प्रौढ पुरुषांच्या तासांवर सरळ मर्यादा घालू नये, असे त्यांनी सुचविले. मुलांच्या व स्त्रियांच्या तासांचे नियम असे बांधावे की आडून परिणाम होईल.

एका सभासदाने वेगळे मत लिहिले. ते मद्रासचे डॉ. टी. एम. नायर. ते वैद्यकशास्त्र शिकलेले होते, आणि त्यांनी प्रश्नाकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले. मजूर रेंगाळतो, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांनी कार्यकारणाची दिशा उलट केली. मजूर रेंगाळतो म्हणून तास लांब ठेवावे लागतात असे नसून, तास लांब आहेत म्हणून तो रेंगाळतो. चौदा तास सारख्या नेटाने काम करणे मनुष्याच्या शरीराला शक्यच नाही. कायदा उघडपणे विसावा देत नसेल तर शरीर तो चोरून घेणारच. सबब पुरुषांच्या तासांवर सरळ बारांची मर्यादा घाला, असे त्यांचे मागणे होते.

शाळेत शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला डॉ. नायरांचे म्हणणे समजावून द्यावे लागत नाही. शेवटच्या तासाला वर्ग ‘बिघडतो’, अशी तक्रार प्रत्येक शिक्षक करतो. कोणी खिडकीबाहेर पाहतो, कोणी पाणी पिण्यास दोनदा जातो, कोणाची पेन्सिल पडते. नवा मास्तर अशा वेळी छडीकडे पाहतो आणि जुना घड्याळाकडे. सकाळच्या पहिल्या तासाला याच मुलांच्या पेन्सिली पडत नाहीत.

१९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरविला. म्हणजे मोठा माणूसही दमतो, ही गोष्ट सरकारी कागदावर यावयास पहिल्या कायद्यापासून तीस वर्षे लागली.

एवढी वर्षे एवढे श्रम सोसून ही माणसे टिकली कशी, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मुंबईत नाही, गावात आहे. मजूर मुंबईत राही, पण त्याचे घर कोकणात किंवा घाटावर असे. शिमग्याला, पेरणीला, लग्नसराईला तो गावी जाई. खोकला जडला, ताप हटेना, हातपाय चालेनासे झाले की तर जाईच. चाळीतल्या एका खोलीत, जिथे दोन-दोन कुटुंबे किंवा दहा-बारा गडी पाळीपाळीने अंग टाकीत, तिथे आजाऱ्याने निजावे कुठे? गावी आई असे, बायको असे, भात-नाचणी असे, आणि रात्री झोप असे. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा बोटीने किंवा गाडीने मुंबईस येई. गिरणीने माणूस थकवावा आणि गावाने पदरचे अन्न घालून त्याला पुन्हा उभा करावा, असा हा अलिखित करार होता. जो उभा राहिला नाही, तो गावीच मेला. मुंबईच्या मृत्युसंख्येत त्याची गणती झाली नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली यांच्या शाही कमिशनने मजुराचा गावाशी असलेला संबंध हितकर मानला व तो तोडू नये असे म्हटले. म्हटले ते योग्यच. मात्र या हिताचा खर्च कोकणातल्या दोन बिघ्यांच्या शेतीवर पडत होता, गिरणीच्या नफ्यावर नव्हे.

पुढील पायऱ्या भरभर सांगतो. १९२० च्या जानेवारीत सार्वत्रिक संप झाला आणि मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तास ही मर्यादा सर्वत्र घातली. १९३४ साली ती बारमाही कारखान्यांसाठी दहा व चोपन्न झाली. तुलनेसाठी एक अलीकडचा आकडा देतो. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघात व हृदयविकार यांचा धोका वाढतो, आणि २०१६ या एका वर्षात जगात अशा कामाच्या पायी ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. रोज बारा तास व रविवारी सुटी, म्हणजे आठवड्याचे बहात्तर तास होतात. आणि १९११ साली ती सुधारणा होती.

तास कमी झाले म्हणजे थकवा कमी झाला, असेही सरळ म्हणता येत नाही. १९२८ चा मोठा संप या मुद्द्यावरच पेटला. मंदीत सापडलेल्या गिरण्यांनी ‘कार्यक्षमते’ची नवी योजना आणली: जो विणकर दोन साचे सांभाळतो त्याने तीन सांभाळावे, जो कातणारा रिंगची एक बाजू पाहतो त्याने दोन पाहाव्या. तास तेच, माणसे कमी, डोळ्यांना व पायांना काम दीडपट-दुप्पट. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत सुमारे दीड लाख मजूर बाहेर राहिले. मजुरीच्या कपातीचा प्रश्नही त्यात होता. पण एका माणसाच्या लक्षाची मर्यादा किती, हा प्रश्न मुंबईत प्रथमच इतक्या उघडपणे मांडला गेला. फॉसेट यांच्या समितीपुढे त्याची महिनोन्‌महिने छाननी झाली. आजच्या कचेऱ्यांत आठ तासांच्या कागदावर दोघांचे काम एकावर पडते, तेव्हा नवीन काही घडत आहे असे समजू नये.

दुकाने व कचेऱ्या यांतील नोकरांसाठी पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ साली केला. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील माणसाला वर्षाकाठी दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना मांडलेल्या विधेयकाने, आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात हे सर्व एकत्र झाले.

एक बाजू मी मुद्दाम शेवटी ठेविली आहे, कारण ती या तासांच्या हिशेबात बसत नाही. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्यांचे गिरणीतले तास कायद्याने मोजले. पण भोंग्यापूर्वीचे दळण-पाणी, भाकरी, आणि परत आल्यावरची दुसरी चूल कोणी मोजली नाही. पुरुषाचा रविवार अंग टाकण्याचा, तिचा रविवार धुण्याचा. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून या स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करविली. त्यांना आढळले की, गिरणीत जाणाऱ्या बहुतेक आयांच्या मुलांना अफूची गोळी दिली जाते. दिवसा मूल निजून राहावे, म्हणजे आईला कामावर जाता यावे. आणि रात्री निजावे, म्हणजे तिला झोप मिळावी. ही हकीकत पुढे आली तेव्हा अज्ञान, रूढी, निष्काळजीपणा असे शब्द वापरणारे पुष्कळ निघाले. ते शब्द मला १९०८ सालच्या ‘रेंगाळण्या’च्या कुळातले वाटतात.

त्या चौकशीचे फळ यावयास सात वर्षे गेली. रा. सि. आसवले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. मालकांचा विरोध होता; खर्च वाढेल, आणि मग बायकांना कामावर कोण ठेवील, असे त्यांचे म्हणणे. १९२८ साली त्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी विधेयकाची बाजू घेतली. प्रसूतीच्या आधी व नंतर काही काळ आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार ज्याला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो त्या मालकाने सोसणे अन्यायाचे नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली कायदा मंजूर झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिला. तोपर्यंत गिरणीतल्या बाया दिवस भरत आले की गावी जात आणि महिन्या-दोन महिन्यांचे मूल घेऊन परत येत. कायदा झाल्यावरही पुष्कळजणी गावीच जात राहिल्या. एवढेच की, आता तिकिटापुरते पैसे गाठीला असत.